डिस्चार्जच्या दिवशी इन्सुलिन शिकवायला वीस मिनिटं मिळतात. त्यात नेमकं काय शिकवावं?

दुपारपाळी
नमस्कार मंडळी. वॉर्डातल्या, ओपीडीतल्या आणि घरी पेशंट सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा आहे. विषय एकच: ज्याला पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू झालंय, त्याला घरी पाठवण्याआधी शिकवणं.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाची रांग असते, रिक्षा बाहेर उभी असते, मुलाचं लक्ष पिशव्यांकडे असतं आणि सिस्टरच्या हातात जेमतेम वीस मिनिटं असतात. त्यात साठवण, सिरिंज, टोचायच्या जागा, जेवणाची वेळ, शुगर उतरली तर काय करायचं, सुया कुठे टाकायच्या, हे सगळं एका दमात सांगितलं जातं. पेशंट मान डोलावतो. "समजलं का?" म्हटलं की "हो सिस्टर". घरी गेल्यावर बाटली फ्रीजरमध्ये.

माझं मत असं की वीस मिनिटांतली बारा मिनिटं सिरिंज पेशंटच्या हातात हवी. बोलणं उरलेल्या आठ मिनिटांत बसवायचं. चार गोष्टी आल्याशिवाय घरी सोडू नये: स्वतःच्याच बाटलीतून बरोबर युनिट भरणं, स्वतःला टोचणं, जेवणाशी वेळ जुळवणं आणि शुगर उतरली तर ओळखून साखर घेणं. बाकीचं फोनवर आणि पुढच्या भेटीत.

तुम्ही क्रम कसा लावता? काय गाळता? चुका नेमक्या कुठे होतात? तपशील येऊ द्या.

रेघोटी
बारा मिनिटांना अनुमोदन. "समजलं का?" हा प्रश्नच काढून टाकावा, त्याला "नाही" म्हणायचं धाडस कोणी करत नाही. त्याऐवजी असं म्हणावं: "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तुम्ही मला करून दाखवा." चूक झाली तर ती शिकवणाऱ्याच्या पदरात पडते, पेशंटला ओशाळं वाटत नाही. चूक दिसली की तेवढाच भाग पुन्हा दाखवायचा, सगळं पहिल्यापासून नाही.

तोंडी प्रश्नही हो-नाहीचे नकोत. "रात्री पाहुणे आले, जेवायला दहा वाजणार आहेत, इन्सुलिन कधी घ्याल?" यावर जे उत्तर येतं त्यात सगळं कळतं.

औषधदुकान
काउंटरच्या अलीकडून लिहितो. सगळ्यात घातक चूक सिरिंज आणि बाटलीचा मेळ न बसण्याची आहे, म्हणून आकड्यांसकट मांडतो.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. १० मिलीची साधी बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिली, म्हणजे अख्ख्या बाटलीत ४०० युनिट. पेनचं ३ मिलीचं काडतूस १०० युनिट प्रति मिली, म्हणजे एकात ३०० युनिट. काही इन्सुलिनच्या बाटल्यासुद्धा १०० ताकदीच्या येतात. त्यामुळे "बाटली म्हणजे ४०" असं धरून चालायचं नाही, लेबल वाचायचं. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी.

डोस २० युनिट आहे असं धरा.
४० ची बाटली, लाल सिरिंज, २० ची रेघ: अर्धा मिली, २० युनिट. बरोबर.
१०० चं इन्सुलिन, लाल सिरिंज, २० ची रेघ: तोच अर्धा मिली, पण अंगात गेले ५० युनिट. अडीचपट.
४० ची बाटली, नारिंगी सिरिंज, २० ची रेघ: ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर चढत जाते, डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि एक दिवस कोणीतरी लाल सिरिंज आणून देतं तेव्हा तो वाढवलेला डोस पुरताच्या पुरता अंगात जातो.

पेन बिघडलं म्हणून काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढणं हे पहिल्या चुकीचं नेहमीचं कारण. पेशंटला एवढंच सांगा: काडतुसाला सिरिंज लावायची नाही. पेन बंद पडलं तर त्याच दिवशी फोन.

दुकानात मागतानाही "इन्सुलिनची सुई द्या" म्हणू नये. रिकामी बाटली आणि जुनी सिरिंज दोन्ही घेऊन यावं.

गोडघरी
औषधदुकान, हे छापून फ्रीजवर लावते आहे. एक शंका: १ मिलीच्या दोन्ही सिरिंजवर रेघा सारख्याच असतात का?

औषधदुकान
@गोडघरी नाही. १ मिलीच्या लाल सिरिंजवर लहान रेघ १ युनिटची असते. १ मिलीच्या नारिंगी सिरिंजवर लहान रेघ बहुधा २ युनिटची, आणि अर्ध्या मिलीच्या नारिंगीवर १ युनिटची. म्हणून "पाच रेघा भर" असं कधीच सांगू नये, आकडा दाखवून सांगावं. रेघा मोजत बसणाऱ्या पेशंटची सिरिंज बदलली की डोस बदलतो.

दूरदेशी
इथून (इंग्लंड) एक भर. इकडे बहुतेक इन्सुलिन १०० ताकदीचं असतं, आणि सिरिंजही त्याच. मुलांकडे सहा महिने येणारे आईवडील तिकडून ४० च्या बाटल्या आणतात, लाल सिरिंज संपतात आणि इथल्या सिरिंजने ओढायला लागतात. औषधदुकानने सांगितलेला ८ युनिटचा प्रकार तोच. अशा पेशंटला निघण्याआधीच सांगा: जितके दिवसांचं इन्सुलिन तितक्या दिवसांच्या सिरिंज सोबत, आणि दोन्ही हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, ब्रँड तिकडचा इकडे कोणी ओळखत नाही.

खेड्यातली_सिस्टर
सिरिंज भरायचा क्रम कोणीतरी नीट लिहा ना. आशाताईंना वाचून दाखवायचाय.

रेघोटी
लिहिते. उदाहरण ३०/७० चं (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं तयार मिश्रण), डोस १८ युनिट, ४० ची बाटली, लाल सिरिंज.

साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे. बाटलीवरचं नाव, ताकद आणि मुदत वाचायची. ३०/७०, २५/७५ आणि ५०/५० ची लेबलं हातभर अंतरावरून सारखीच दिसतात, म्हणून आकडा मोठ्याने म्हणायला लावावा.

बाटली दोन तळव्यांत आडवी धरून दहा वेळा फिरवायची, मग दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची. खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवायची नाही, फेस होतो आणि फेसात डोस चुकतो. मिसळल्यावर दुधासारखं एकसारखं पांढरं दिसलं पाहिजे. गुठळ्या तरंगत असतील किंवा काचेला आतून दहिवरासारखे कण चिकटले असतील तर ती बाटली वापरायची नाही. हे मिसळणं वगळलं की महिन्याच्या सुरुवातीचे डोस एका ताकदीचे आणि तळाचे दुसऱ्या, मग शुगरचा पत्ता लागत नाही.

रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. सिरिंजमध्ये १८ च्या रेघेपर्यंत हवा ओढायची, बाटली टेबलावर उभी ठेवून ती हवा आत सोडायची. हवा का? जेवढं औषध काढणार तेवढी जागा भरून दिली नाही तर बाटलीत ओढ तयार होते, दट्ट्या मागे येत नाही आणि बुडबुडे येतात. मग सुई तशीच ठेवून बाटली उलटी करायची, डोळ्यांच्या पातळीला आणायची, सुईचं टोक औषधात बुडालेलं ठेवून २० च्या थोडं पुढे ओढायचं. बुडबुडा दिसला तर सिरिंजला टिचकी मारून वर आणायचा आणि ढकलून बाटलीत परत. शेवटी दट्ट्याच्या काळ्या रबराची सुईकडची कड १८ वर. मागची कड नाही! नवशिक्यांची निम्मी गफलत याच कडेवर होते.

बुडबुडा त्वचेखाली गेल्याने अपाय होत नाही, पण त्याने औषधाची जागा अडवलेली असते, डोस कमी पडतो. पेशंटला हे कारण सांगितलं की भीती जाते आणि काळजी मात्र राहते.

दुपारपाळी
रेघोटीताई, हेच हवं होतं. दोन इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर?

रेघोटी
आधी पांढऱ्या बाटलीत हवा, मग पारदर्शक बाटलीत हवा, मग पारदर्शक ओढायचं, शेवटी पांढरं. पारदर्शक बाटलीत पांढऱ्याचा थेंबही जायला नको, नाहीतर ती बाटली बिघडली. आणि ग्लार्जिन (दिवसभर सावकाश काम करणारं इन्सुलिन) कशातच मिसळायचं नाही. ते पारदर्शक असलं तरी नाही.

तिसरी_पाळी
ग्लार्जिनचा विषय निघालाच आहे तर सांगते. ज्यांना दिवसा जेवणाआधीचं आणि रात्रीचं ग्लार्जिन अशी दोन आहेत, त्यांची दोन्ही औषधं पाण्यासारखी स्वच्छ. रात्री झोपेत हात चुकला आणि ग्लार्जिनच्या जागी जेवणाआधीचं २४ युनिट गेलं, तर मध्यरात्री शुगर तळाला. यावर साधा उपाय: रात्रीच्या पेनला किंवा बाटलीला जाड रबरबँडचे दोन वेढे. डोळ्यांआधी बोटांना कळलं पाहिजे. शिवाय दोन्ही एका डब्यात ठेवू नयेत.

पायसंभाळा
मधुमेहाच्या ओपीडीत शिकवण्याचं काम आहे, त्यामुळे टोचण्याबद्दल लिहितो.

पोट सगळ्यात सोयीचं. बेंबीभोवती तीन बोटं सोडून. मांडीची पुढची-बाहेरची बाजू, वरचा अर्धा भाग. नितंबांचा वरचा बाहेरचा भाग. दंडाची मागची बाजू फक्त दुसरं कोणी देणार असेल तर, स्वतःला तिथे चिमटा धरता येत नाही. पोटातून औषध लवकर भिनतं, मांडीतून सावकाश. म्हणून वेळ आणि जागा यांची जोडी ठरवून द्यावी: सकाळी पोट, रात्री मांडी, रोज तसंच.

पेनची ४ मिमी सुई सरळ ९० अंशात, बहुतेक मोठ्या माणसांना चिमटा लागत नाही. फार बारीक अंगाच्या माणसाला आणि मुलांना चिमटा धरावा. सिरिंजची सुई ६ किंवा ८ मिमी असते, तिथे चिमटा हवाच. अंगठा आणि दोन बोटांनी फक्त कातडी आणि चरबी उचलायची, मूठभर मांस नाही. स्नायूत गेलं की औषध भरभर भिनतं. दट्ट्या पूर्ण दाबून दहापर्यंत सावकाश मोजायचं, मग सुई बाहेर, मग चिमटा सोडायचा. चोळायचं नाही, शेकायचं नाही.

पेन असेल तर दरवेळी नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे. सुईच्या टोकावर थेंब दिसला की मगच डोस फिरवायचा. थेंब आला नाही तर पुन्हा २. टोचून झाल्यावर सुई काढून ठेवायची. लावून ठेवली की हवा आत जाते, औषध गळतं.

आता गाठी. एकाच जागी रोज टोचलं की तिथे चरबीची मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही, म्हणून पेशंटला तीच जागा आवडायला लागते. गाठीतून औषध कधी भिनतं, कधी नाही. नुसतं बघून चालत नाही, बोटांना थोडा साबण किंवा तेल लावून पोटावरून सावकाश फिरवा, कातडी जिथे जाड लागेल तिथे पेनाने गोल काढा आणि पेशंटचं बोट त्यावर ठेवा. सोपी शिकवण: पोटाचे चार भाग, दर आठवड्याला एक, आणि प्रत्येक टोच मागच्यापासून एक बोट लांब.

आणि हे फार महत्त्वाचं: गाठीत ४० युनिट टोचणाऱ्याला "उद्यापासून दुसरीकडे टोचा" एवढंच सांगून सोडू नका. चांगल्या कातडीतून तेच ४० युनिट पुरेपूर भिनतात आणि शुगर कोसळते. डॉक्टरांना आधी सांगा, बहुतेक वेळा डोस कमी करूनच जागा बदलतात. पहिला आठवडा शुगर जास्त वेळा तपासायची.

गोडघरी
गाठीवर दुखत नाही म्हणून तिथेच टोचतात, हे आज उलगडलं. धन्यवाद पायसंभाळा.

कुकरशिट्टी
जेवणाच्या वेळेचं कोणीच लिहिलं नाही. साधं ३०/७० जेवणाआधी अर्धा तास. "अर्धा तास" हे घड्याळाकडे बघणाऱ्यांसाठी ठीक आहे, स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ चालतं. म्हणून घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत बसवून विचारावं: शेवटची पोळी तव्यावर असते तेव्हापासून पान वाढेपर्यंत किती वेळ जातो? कणीक मळून ठेवली की इन्सुलिन, पोळ्या होईपर्यंत अर्धा तास होतो, असं ज्याच्या त्याच्या घरचं गणित बसवून द्यावं. लग्नाच्या पंगतीत पान समोर येईपर्यंत घ्यायचंच नाही, कारण "पंगत बसतेय" म्हटल्यावर तास जातो.

झटपट काम करणारं नवं इन्सुलिन असेल तर मात्र जेवणाआधी ० ते १५ मिनिटं. यात अर्धा तास आधी घेतलं की घास तोंडात जायच्या आत घाम फुटतो. दोन्हीचं वेळापत्रक एकच सांगणं ही मोठी चूक.

तिसरी_पाळी
कणीक मळायची खूण फार छान. आता शुगर उतरण्याबद्दल.

७० च्या खाली शुगर, लक्षणं असोत वा नसोत, उपाय करायचा. घाम, हात थरथरणं, धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, ओठांभोवती मुंग्या, चिडचिड, जड जीभ. रात्री असेल तर भिजलेला सदरा, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड. रक्तदाबाची काही औषधं (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे) चालू असतील तर धडधड आणि थरथर लपते, घाम मात्र येतो. अशा पेशंटच्या घरच्यांना "घाम आला की तपासा" असं ठळक सांगा. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर तपासण्यासाठी थांबायचं नाही, आधी साखर.

किती? १५ ग्रॅम. म्हणजे तीन सपाट छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तितकंच. जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर वर पोळी-भाजी किंवा बिस्किटं-दूध. पेढा, चॉकलेट, लाडू या वेळी नको, तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळी चालू असेल तर घरातली साखर चालत नाही. ही गोळी साखरेचं विघटनच अडवते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. डिस्चार्ज कार्डावर ही गोळी दिसली की ग्लुकोजची पुडी लिहून द्या.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

खेड्यातली_सिस्टर
यात भर. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळीही चालू असेल आणि शुगर उतरली, तर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नये. त्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, शुगर पुन्हा उतरते. अशांना दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवावं लागतं.

आणि याच ओघात: इन्सुलिन सुरू करताना डॉक्टर बऱ्याचदा जुन्यातल्या काही गोळ्या बंद करतात. कार्डावर बंद केलेल्या गोळ्या लिहिलेल्याच नसतात, फक्त चालू असलेल्या असतात! घरी डब्यात जुनी पाकिटं पडलेली असतात. पेशंटला डिस्चार्जआधी घरची औषधांची पिशवी आणायला लावा, एकेक पाकीट उचलून "ही चालू, ही बंद" करा, बंद पाकिटावर मार्करने फुली. एकाच औषधाची दोन ब्रँडची पाकिटंही याच पिशवीत सापडतात.

वर्धेकर
साठवण माझ्याकडे घेतो, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये नाही, फ्रीजरच्या खालच्या जाळीवर मागच्या भिंतीला चिकटूनही नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही, दिसायला चांगलं दिसलं तरी. उघडलेलं, वापरात असलेलं २५-३० अंशांपर्यंत बाहेर चालतं, साधारण चार आठवडे. उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून बाटलीवर चिकटवावी.

इथे एक हिशेब पेशंटला करून द्यावा. ४०० युनिटची बाटली, रोज १० युनिट, म्हणजे ४० दिवस पुरते. पण २८ दिवसांनी ती टाकायची आहे, १२० युनिट शिल्लक असताना. जीव तुटतो, म्हणून लोक टाकत नाहीत. अशा कमी डोसवाल्याला ३०० युनिटचं काडतूस कसं बसतं बघा: १० डोसचे आणि २ थेंब बघायचे, रोज १२, म्हणजे २५ दिवस. अर्थात पेन परवडलं पाहिजे, हे आधी विचारायचं.

फ्रीज नसेल तर माठ. बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, डबी पाण्याच्या छोट्या माठात किंवा ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात. माठ सावलीत, वारा लागेल असा. मडक्याला बाहेरून गुंडाळलेलं फडकं ओलं ठेवायचं.

कोकणकडा
@वर्धेकर, माठाचा उपाय तुमच्या कोरड्या हवेत छान चालतो. आमच्याकडे किनाऱ्यावर हवा दमट, पाण्याची वाफच होत नाही, माठ फारसा गार होत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. इथे शेजाऱ्याच्या किंवा उपकेंद्राच्या फ्रीजमध्ये न उघडलेल्या बाटल्या आणि घरात वापरातली एकच, असं सांगावं लागतं. सरसकट "माठात ठेवा" नको.

वर्धेकर
मान्य. माठाच्या आत एक साधा थर्मामीटर ठेवून दुपारी दोन वाजता बघावं, मगच भरवसा ठेवावा.

खेड्यातली_सिस्टर
आता सुयांवर स्पष्ट बोलू. पुस्तकात "एक सुई, एक टोच". दिवसाला दोन टोच म्हणजे महिन्याला साठ सिरिंज, मजुरी करणाऱ्याला हे शक्य नाही. लोक तीच सुई आठवडाभर वापरतात. "वापरू नका" म्हणून हात झटकले की ते लपवतात, आणि मग पायसंभाळा म्हणतात त्या गाठी आपल्याला कळतच नाहीत.

दुपारपाळी
@खेड्यातली_सिस्टर, अडचण खरी आहे. पण नियम सैल करून शिकवला की सात दिवसांचे चौदा दिवस होतात. शिकवताना एकदाच वापरायची असंच शिकवावं. आणि समाजसेवा अधीक्षकांकडून किंवा सरकारी योजनेतून सिरिंज मिळतात का, हे डिस्चार्जच्या आधी विचारावं.

पायसंभाळा
दोघींचंही घ्यावं लागेल. शिकवण एकदाच वापरण्याची. पण कोणी कबूल केलंच की पुन्हा वापरतो, तर रागवू नये आणि किमान इतकं सांगावं: दुसऱ्या कोणाचीही सुई कधीच नाही, नवराबायकोतही नाही. सुई स्पिरिटने पुसायची नाही, तिच्यावरचा गुळगुळीत लेप निघून जातो. पाण्याने धुवायची नाही. दुखायला लागली, टोक वाकलं, कुठे टेकली, की लगेच टाकायची. आणि अशा पेशंटचं पोट दर भेटीत हाताने तपासायचं.

पेनबाबत तडजोड नाही. सुई बदलली तरी एक पेन दोघांना नाही, काडतुसात रक्त मागे ओढलं जाऊ शकतं.

कुकरशिट्टी
वापरलेल्या सुया?

रेघोटी
जाड प्लास्टिकची बाटली, फिरकीच्या झाकणाची. फिनाइलची किंवा डिटर्जंटची रिकामी चालते, पाण्याची पातळ बाटली नाही. टोपण परत लावायच्या खटपटीत बोटाला टोचतं, म्हणून सिरिंज अख्खी थेट बाटलीत. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट, वर चिकटपट्टी, "सुया" असं मोठ्या अक्षरांत, आणि रुग्णालयात किंवा घरगुती घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया-सिरिंज याच घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई शेवटी सफाई कामगाराच्या हातात घुसते.

औषधदुकान
अवांतर वाटेल, पण लिखाणाबद्दल. डोस लिहिताना "युनिट" पूर्ण लिहा. इंग्रजी आद्याक्षर आकड्याला चिकटवलं की ते शून्यासारखं दिसतं, १० चे १०० होतात.

दुसरं खास आपल्याकडचं. मराठी १ आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिल्यावर जुळे भाऊ दिसतात. मराठी ७ हा घाईत इंग्रजी सहासारखा दिसतो. आणि सिरिंजवर, पेनवर आकडे इंग्रजी असतात. म्हणून कार्डावर आकडा एकदा मराठीत, एकदा सिरिंजवर छापलाय तसा आणि एकदा अक्षरी: "अठरा युनिट". वाचता येत नसेल तर त्याच प्रकारची एक सिरिंज घेऊन १८ च्या रेघेवर रंगीत चिकटपट्टी लावून नमुना म्हणून द्यावी. डोस बदलला की नमुना परत घ्यायचा, नाहीतर घरात दोन नमुने होतात.

गोडघरी
डोळ्यांना कमी दिसणाऱ्यांनी पेनचे टकटक आवाज मोजले तर चालतं ना?

पायसंभाळा
नाही. आवाज मोजून डोस लावू नका, असं पेनांच्या माहितीपत्रकातच सांगतात. मागे फिरवतानाही टकटक होते, मधेच कोणी हाक मारली की मोजणी चुकते. आकडा दिसत नसेल तर डोस लावायला दुसरं माणूस हवं, किंवा भिंग. मोतीबिंदूचा पेशंट असेल तर शिकवण्याआधी सिरिंज हातात देऊन "यावरचा १८ दाखवा" म्हणावं. दाखवता आला नाही तर पुढची वीस मिनिटं घरच्या दुसऱ्या माणसाला द्या.

कोकणकडा
चतुर्थी आणि एकादशीचं राहिलं. "उपास आहे म्हणून इन्सुलिन घेतलं नाही, साबुदाण्याची खिचडी मात्र दोनदा खाल्ली" हे ठरलेलं. खिचडीने शुगर सणसणीत चढते. उलट निर्जळी करणारा पूर्ण डोस घेऊन बसला तर उतरते. उपास करता का, कोणते, त्यात काय खाता, हे डिस्चार्जलाच विचारून डॉक्टरांकडून त्या दिवसाचा डोस वेगळा लिहून घ्यावा. रोजे असतील तर सहेरी-इफ्तारचं वेळापत्रक रमजान लागायच्या आधी. आणि लहानपणापासूनचा मधुमेह असलेल्यांना एक वाक्य पाठ करून द्यावं: जेवण नाही, उलट्या आहेत, ताप आहे, तरी रात्रीचं इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही, फोन करायचा.

दुपारपाळी
मंडळी, आता मूळ प्रश्नाकडे येते. एवढं सगळं वीस मिनिटांत बसत नाही, हे तुमच्याच प्रतिसादांतून दिसतंय. म्हणून डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघणंच चूक आहे. इन्सुलिन सुरू झालं त्याच दिवशी संध्याकाळच्या डोसला पेशंटने बाटली तळव्यांत फिरवावी. दुसऱ्या दिवशी भरावं. तिसऱ्या दिवशी टोचावं, सिस्टर बाजूला उभी. डोस तर रोज द्यायचाच असतो, वेगळा वेळ लागत नाही. डिस्चार्जच्या दिवशी फक्त घरची औषधांची पिशवी, कणकेचं गणित आणि ग्लुकोजची पुडी.

तिसरी_पाळी
हे पटलं. फक्त रात्रपाळीला कळायला हवं की पेशंट कुठवर शिकलाय. औषधांच्या तक्त्याच्या कडेला तीन चौकोन: भरलं, टोचलं, साखरेचं सांगितलं. ज्याने बघितलं त्याची सही.

रेघोटी
आणि तिसऱ्या दिवशी फोन. "बरं आहे ना?" असं नाही विचारायचं. चार प्रश्न: बाटली आत्ता कुठे ठेवली आहे? सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे? आज सकाळी कुठल्या आकड्यापर्यंत भरलं? टोचल्यावर किती वेळाने जेवलात?

खेड्यातली_सिस्टर
टोपणाचा रंग विचारताना फोन धरून ठेवायचा, त्यांना उठून बघून यायला लावायचं. आठवून सांगितलेलं धरायचं नाही.